आडवी लागलेली गोळी

मनापासून ज्याचा तिरस्कार केला असा माझ्या आयुष्यातला पहिला माणूस म्हणजे अण्णा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पुष्कळ जणांवरचे राग आपोआप विरले. कोणावर कशासाठी चिडले होते तेही आठवत नाही. अण्णांवरचा मात्र जसाच्या तसा आहे. माझी मुलगी म्हणते, "आई, त्यांच्याबद्दल लिहायचं तर जरा मऊ लिही, ते गेले आता." मऊच लिहायचं असतं तर मी वरणभातावर लिहिलं असतं.

वर्तकनगरच्या एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, आमची दोन बिऱ्हाडं समोरासमोर होती. मधे जेमतेम दोन माणसं एकमेकांना चुकवून जातील एवढी गॅलरी, तिच्या टोकाला सामाईक नळ, आणि त्या नळावरून माझी आई आणि काकू यांच्यात कायमचं युद्ध. गाव आमचं जुन्नरकडचं. मोठ्या दिराशी थेट बोलायचं नाही ही तिकडची रीत आईनं ठाण्यात येऊनही पाळली होती, पण त्यातून वाटही काढली होती. ती भांड्यांशी बोलायची. "या घरातल्या माणसांना कान आहेत ते काय नुसते चष्म्याला आधार म्हणून?" असं ती हातातल्या पातेल्याला विचारायची, आणि एवढ्या मोठ्यानं की समोरच्या खोलीत अण्णांनी पेपर खाली ठेवावा. रविवारी काकूकडे मटण शिजायचं. काळ्या मसाल्याचा वास गॅलरीभर पसरला की आई मुद्दाम सुकट भाजायला घ्यायची. बाजरीच्या भाकऱ्या दोन्हीकडे एकदमच थापल्या जायच्या. काकू जरा जोरात थापते असं वाटलं की आई त्याहून जोरात. आज कुणी भाकरी थापताना ऐकलं की लोकांना गाव आठवतं, मला भांडण आठवतं.

दोघं भाऊ कल्याणच्या पुढच्या एका सूतगिरणीत होते. दोन एकेरी सुतं जोडून त्यांना पीळ द्यायचं जे खातं असतं, तिथे अण्णा जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुख्य माणूस, आणि बाबा त्यांच्या हाताखाली. त्यामुळे घरी आल्यावरही बाबांची ड्यूटी सुटत नसे. अण्णांनी हाक मारली की बाबा तोंडातला घास गिळायच्या आत उठायचे. अण्णांना एक सवय होती. कुणाच्याही कपड्याचा सुटलेला धागा दिसला की तो ओढून घ्यायचे, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून उलटा उकलायचे, आणि निकाल द्यायचे. "पीळ कमी आहे. दोन धुण्यांत गेलं हे." एका दिवाळीला आईनं नवी साडी नेसली होती. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत अण्णांनी तिच्या पदराचा धागा उपसला आणि बाबांना म्हणाले, "फसवलं रे तुला दुकानदारानं." आईनं ती साडी पुन्हा अंगाला लावली नाही. तिचं पोतेरं केलं, आणि ते पोतेरं ती रोज समोरच्या दाराशी झटकायची.

अण्णा तरुणपणी होमगार्डमध्ये होते. तिथून त्यांना नेमबाजीचा नाद लागला आणि ठाण्यातल्या एका रायफल क्लबाचे ते सभासद झाले. त्यांचा मुलगा बाळू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यालाही ते न्यायला लागले. मला न्यायचा विचार कुणाच्याही डोक्यात नव्हता. पण काकूनं नळावर चार बायकांत "आमचा बाळू रायफल चालवतो" असं सांगितलं, आणि त्या दिवशी आईनं कढईला सांगितलं की समोरच्यांचा बाळू जातो तर आमची शैलापण जाईल, तिला काय हात नाहीत? अण्णांनी पेपरमागून हुंकार दिला. अशी मी त्या खेळात आले. दोन जावांच्या भांडणातून. रेंज म्हणजे एका पडीक मैदानाच्या टोकाला घातलेला मातीचा बांध, त्याच्यापुढे टार्गेटचे कागद, आणि अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये तरटं अंथरलेली. तरटावर पालथं पडायचं, पट्टा दंडाला आवळायचा, गाल लाकडाला टेकवायचा, आणि श्वास अर्धा सोडून थांबायचं. तिथे कुणी कुणाला ओरडत नसे. आमच्या घरातून आलेल्या मुलीला ती शांतता काय वाटली असेल ते मला सांगता येणार नाही. आणि मी चांगली मारायचे. उगाच नम्रपणा कशाला? क्लबच्या रायफलवर, पन्नास मीटरवरून, माझ्या गोळ्या चहाच्या बशीत मावतील एवढ्यात पडायच्या, आणि चांगल्या दिवशी बशीतल्या कपात. रेंजचे सर मिलिटरीतून निवृत्त झालेले, कौतुक करणं त्यांना पाप वाटायचं. तेसुद्धा एकदा माझा कागद बघून "हं" म्हणाले होते.

मग अण्णांनी स्वतःची रायफल घेतली. पॉइंट टू-टू, जुनी, परदेशी, लाकूड सुरेख. पण आधीच्या मालकानं तेल दाखवलं नव्हतं आणि नळी आतून गंजून तिला खड्डे पडलेले. नळी बदलायला अण्णा आम्हा सगळ्यांना घेऊन कल्याणला परवानेवाल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराकडे त्या जातीच्या दोन नळ्या होत्या. रायफलच्या नळीत आतल्या बाजूनं आटे असतात, स्क्रूला बाहेरून असतात तसे, फक्त फार सावकाश वळणारे. गोळी त्या आट्यांतून फिरत बाहेर पडते, आणि फिरते म्हणूनच नाकासमोर जाते. एका नळीतले आटे लवकर वळत होते. दुसरीतले इतके हळू की डोळा लावला तर जवळजवळ सरळच दिसायचे. दुकानदार चहा पीत म्हणाला, "साहेब, दोन्ही बसतात. कुठली बसवू ते बोला, दुपारनंतर मी नाहीये."

अण्णांनी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या. मग ते आमच्याकडे वळले. खात्यात नव्या कामगाराला शिकवताना जसा आवाज काढत असतील तसा आवाज काढून म्हणाले, "जाड सुताला पीळ कमी, बारीक सुताला पीळ जास्त. खरं का खोटं?"

"खरं," बाबा म्हणाले.

"आपण गोळी वापरतो ती जड का हलकी?"

"जड."

"मग जड गोळीला पीळ कमीच लागणार ना! उगाच गरगर फिरवून तिचा जोर कशाला मारायचा? ही हळू वळणारी बसवा."

सुताच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे, हे मला आजही कबूल केलं पाहिजे. तीस वर्षं त्या माणसानं त्यावरच भाकरी मिळवली होती. बंदुकीच्या बाबतीत ते बरोबर उलटं आहे. गोळी जड म्हणजे लांब, आणि लांब गोळीला पीळ जास्त लागतो. पण हे त्या दुकानात कुणालाच माहीत नव्हतं. दुकानदाराला माहीत असेल तर त्याला दुपारनंतर जायचं होतं.

रायफल घरी आली, खंडेनवमीला तिला हळदकुंकू आणि झेंडूची माळ झाली, आणि अण्णांनी हुकूम काढला. "घरची रायफल असताना पोरीनं क्लबची कशाला वापरायची? बाळूचा हात क्लबच्या रायफलवर बसलाय, त्याला हलवायचं नाही. शैले, तू घरची घे." म्हणजे नवी नळी आधी माझ्यावर करून बघायची. आईला मात्र वाटलं, घरची चांगली रायफल आपल्या पोरीला मिळाली; त्या दिवशी तिनं समोर वाटीभर खीर पाठवली. आमच्याकडून तिकडे गेलेला तो शेवटचा गोड पदार्थ.

पंचवीस मीटरवर रायफल ठीक चालायची. अण्णा तेवढंच तपासून आले होते आणि तेवढंच सगळ्यांना सांगायचे. पन्नासवर गेलं की माझ्या गोळ्या कागदावर कुठेही जायच्या. एक मध्यात, दुसरी कोपऱ्यात, तिसरी कागदाला सोडून बांधात. मी तीच, पट्टा तोच, श्वास तोच. महिनाभरात घरात, क्लबात आणि गिरणीतसुद्धा पसरलं की शैलाचा हात हलतो. अण्णांनी उपाय सुरू केले. माझा चहा बंद. मग विटेला सुतळी बांधून ती माझ्या डाव्या मनगटाला लटकवायची आणि हात समोर धरून गॅलरीत उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. खालच्या मजल्यावरच्या बायका पाण्याला येताना विचारायच्या, "काय गं, शिक्षा केलीय का?" अण्णा खुर्चीत बसून माझ्या मनगटाकडे बघत असायचे. "बघ, हलला. परत हलला." मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात फिजिक्स शिकत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं ते विटेच्या वजनानं नाही.

पुढे जिल्ह्याच्या संघाची निवड होती. अण्णांनी जेवताना जाहीर केलं, "निवडीत आली तर आली. नाही आली तर बंदुकीला परत हात लावायचा नाही. भाकऱ्या थापायच्या. त्याला हात हलले तरी चालतात." बाबा ताटात बघत बसले. परवाना अण्णांचा, सभासदत्व अण्णांच्या सहीवर. त्यांनी नाही म्हटलं की माझ्यासाठी रेंजचं दार बंद होणार होतं, हे मला नीट कळत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे मला त्यांचं खरं वाटायला लागलं होतं. आरशासमोर हात धरून मी बघत राहायचे, आणि बघत राहिलं की कुणाचाही हात हलतोच.

कागद बांधावरून काढून आणायचं काम एरवी रेंजचा गडी करायचा आणि सर शेडमध्ये बसून भोक कुठे पडलं तेवढंच बघत गुण मोजायचे. त्या रविवारी गडी आला नव्हता, म्हणून मी स्वतः चालत गेले आणि पहिल्यांदा माझी भोकं जवळून पाहिली. ती गोल नव्हती. सगळी नाही, पण निम्मीअधिक लांबट होती, कणकेत नख दाबलं की उमटतं तशी. शेजारीच बाळूचा कागद होता. त्याची भोकं पंचिंग मशीननं पाडल्यासारखी गोल. मी तिथेच उन्हात उभी राहिले. हात हलला तर गोळी इकडे जाईल, तिकडे जाईल, पण जाईल नाकासमोरच आणि भोक पडेल ते गोल. हातानं गोळी आडवी होत नाही. ती वाटेत कोलांटी खाऊन कुशीवर लागत होती, आणि त्याच्याशी माझ्या हाताचा काडीचाही संबंध नव्हता. मला एवढा आनंद झाला, आणि लगोलग एवढा संताप आला, की मी तो कागद घडी न करता ब्लाउजमध्ये कोंबला.

दुपारी सगळे गेल्यावर बाळू आणि मी शेडमध्ये दोन्ही रायफली घेऊन बसलो. बाळू बोलायचा कमी, पण मी सांगितलं ते ऐकून तो म्हणाला, "चल बघूया ना, त्यात काय." नळी साफ करायच्या सळईला चिंधी घट्ट बसवून आत ढकलली की चिंधी आट्यांत धरली जाते आणि सळई स्वतःभोवती फिरते. सळईवर खूण हवी होती, म्हणून मी कपाळाची टिकली काढून तिच्यावर चिकटवली. टिकली वर असताना सुरुवात करायची, आणि ती एक फेरी मारून परत वर आली की सळई किती आत गेली ते मोजायचं. क्लबच्या रायफलमध्ये सोळा इंचांवर टिकली वर आली. घरच्या रायफलमध्ये बाळू ढकलत राहिला, ढकलत राहिला, नळी संपत आली तेव्हा कुठे टिकली दिसली. चोवीस इंच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बुटका भोवरा सावकाश फिरवला तरी उभा राहतो. उंच निमुळत्याला गरगर फिरवावं लागतं, नाहीतर तो लडबडतो आणि आडवा होतो. आमची चाळीस ग्रेनची लांब गोळी त्या नळीत लडबडत होती. ग्रेन म्हणजे गुंजेच्या जेमतेम निम्मं वजन, पण तेवढ्यानंही फरक पडत होता.

"अण्णांना सांगू नकोस," बाळू म्हणाला.

"का?"

"तुला माहीत नाही का? ऐकणार नाहीत. उलट तुझंच काहीतरी काढतील."

मी सांगितलं. त्याच रात्री नाही, दुसऱ्या रविवारी, मटणाच्या वासात, अण्णांनी बोलावलं म्हणून दोन्ही बिऱ्हाडं समोरच्या खोलीत जेवायला बसलेली असताना. कागद ताटाशेजारी ठेवला, भोवऱ्याचं सांगितलं, इंच सांगितले. अण्णांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "मला पीळ शिकवायला लागली? मला? अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून माझ्या हातून पीळ जातोय." मग ते बाबांकडे वळले. "तू सांग रे. जाड सुताला काय?"

मी बाबांकडे बघत होते. बाबांना मी आदल्या दिवशी सगळं दाखवलं होतं. त्यांनी लांबट भोकावरून बोट फिरवलं होतं, मान हलवली होती, "बरोबर आहे गं तुझं" म्हणाले होते. ते म्हणाले, "कमी. जाड सुताला पीळ कमी." आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. अण्णांचा राग मला आधीपासून होताच; बाबांचा त्या घासाला आला. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या पंगतीला बसले की मला तो तुकडा दिसायचा.

मी हट्टाला पेटले. सरांना विचारलं, हलक्या गोळीची काडतुसं आहेत का? त्याच नळीत बसणारी, फक्त टोकाची गोळी आखूड, तीस ग्रेनच्याही आतली. कपाटाच्या तळाशी एक जुनं, अर्धवट खोकं निघालं. कुणाला नको होतं म्हणून पडून राहिलेलं. पुढच्या सरावाला मी अण्णांना हट्टानं शेडमध्ये उभं केलं. रायफल घरची, हात माझाच. आधी जड गोळ्या मारल्या, मग दुसऱ्या कागदावर हलक्या, आणि खोकं संपवलं. बाळू धावत जाऊन दोन्ही कागद घेऊन आला. एकावर भोकं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी विखुरलेली आणि निम्मी लांबट. दुसऱ्यावर सगळी गोल, सगळी एका बशीत. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि या वेळी "हं" सुद्धा म्हणाले नाहीत, सरळ अण्णांकडे पाहिलं.

मला खरंच वाटलं, आता हा माणूस म्हणेल, चुकलं. त्यांनी हलक्या गोळ्यांचा कागद उचलला आणि म्हणाले, "रायफल फर्स्टक्लास आहे, हे मी पहिल्यापासून सांगतोय." मग जड गोळ्यांच्या कागदाकडे बोट करून, "या हिनं मुद्दाम वाकड्या मारल्या. मला खोटं पाडायला."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. घरी आले तेव्हा रडून डोळे सुजले होते. आई नळावर हंडा घासत होती. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं, हंडा खाली ठेवला, हात पदराला पुसले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा अण्णांशी थेट बोलायला समोरच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं मुद्दाम केलं म्हणता? असंल. मग तीच रायफल आन् तीच जड गोळी निवडीला तुमच्या बाळूच्या हातात द्या की. तो तर मुद्दाम करायचा नाही ना?"

काकू आतून "काय गं बाई हे" म्हणाली. अण्णा उठून उभे राहिले. इतकी वर्षं एक शब्दही थेट न बोललेली धाकट्या भावाची बायको तोंडावर बोलली याचा धक्का त्यांना एवढा बसला होता की दुसरं काही सुचलं नसावं. "देतो," ते म्हणाले. "बघाच. बाळूच मारेल या रायफलनं." बाळू त्यांच्या मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी आईला आवरायला हवं होतं की काय असं क्षणभर वाटलं. पण नाही, त्यात आईचा दोष नव्हता. एका हुकमानं माझं वर्ष खाल्लं होतं त्यांनी, आणि दुसऱ्या हुकमानं आता मुलाचं खाणार होते.

निवडीच्या दिवशी क्लबची रायफल मोकळी होती. सर म्हणाले, "तू ही घे." तरटावर पडायच्या आधी मी अण्णांपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णा, अजून वेळ आहे. बाळूला क्लबची द्या, मी थांबते, आम्ही आळीपाळीनं मारू. जड गोळी त्या नळीत आडवी होते." ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले. बाळूला म्हणाले, "झोप. आणि हात हलवू नको."

माझं बरं गेलं. फार काही नाही. वर्षभर दुसऱ्या रायफलला सवयीनं जे आवळून धरत होते ते सुटायला वेळ लागला, आणि मी यादीत शेवटची आले. पण आले. बाळूचा कागद सरांनी टेबलावर ठेवला तेव्हा आजूबाजूची माणसं वाकून बघायला लागली. कुणीतरी हसलं. भोकं लांबट होती, एक तर पूर्ण आडवी, गोळीची सबंध बाजू कागदावर उमटलेली. ती बघून लहान मूलही विचारेल, हे असं कसं झालं? अण्णांनी ती पाहिली. नीट पाहिली, चष्मा काढून, जवळ धरून. पीळ ओळखणारी बोटं त्या भोकाच्या कडेवरून फिरली. त्या क्षणी त्यांना कळलं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आणि कळल्यावर त्यांनी वळून, सगळ्या जिल्ह्यातून आलेल्या माणसांसमोर, एकवीस वर्षांच्या मुलाच्या कानफटात मारली.

"हात हलला तुझा," ते म्हणाले. "बोल. हलला का नाही?"

बाळूनं माझ्याकडे पाहिलं नाही. "हलला," म्हणाला.

त्यानं पुन्हा रायफलला हात लावला नाही. मी पुढे जिल्ह्यात, मग राज्यात खेळले, पुढे मुलामुलींना शिकवायलाही लागले. शिकवायच्या पहिल्याच दिवशी मी पोरांना टिकली लावलेली सळई देते आणि नळीचा पीळ मोजायला लावते. मग गोळी कोणती घ्यायची ते त्यांचं त्यांना ठरवू देते. त्यांना वाटतं बाई हौशी आहेत.

गिरणी बंद पडली. वर्तकनगरची खोली अण्णांनी कशी घालवली तो भाग मी सोडून देते. नव्वदच्या दशकात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि बाळूनं त्यांना ठाण्यापलीकडे दिवा गावात स्वतःच्या भाड्याच्या खोलीत आणलं. मी त्याला भेटायला गेले ती मुद्दाम. आमच्या रेंजवर शिकवायला माणूस हवा होता आणि माझ्या डोक्यात दुसरं नाव नव्हतं. खोलीत पिंपांना पाय लागल्याशिवाय चालता येत नव्हतं. पाणी दोन दिवस आलं नव्हतं, काकू टँकरच्या रांगेत उभी होती. अण्णा कॉटवर उशांना टेकून बसलेले. उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताची दोन बोटं मात्र चादरीचा एक सुटलेला धागा धरून उलटा उकलत होती, परत परत. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

बाळूनं चहा केला. आधी मला दिला, मग अण्णांचा कप बशीत ठेवून त्यांच्याजवळ बसला. पाण्याची टंचाई असूनही कप त्यानं काठोकाठ भरला होता. म्हाताऱ्याला कमी चालत नाही म्हणाला. मी म्हटलं, "बाळू, रेंजवर ये. पोरांना शिकव. तुझ्याइतका स्थिर मारणारा मी नंतर पाहिला नाही."

बाळू काही बोलायच्या आत कॉटवरून आवाज आला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. "त्याचा काय उपयोग. हात हलतो त्याचा."

मी म्हणाले, "अण्णा, कागद अजून आहे माझ्याकडे. जड आणि हलक्या गोळ्यांचे दोन्ही कागद आहेत. उद्या आणते, त्याच्यासमोर एकदा खरं बोला. मरायच्या आधी एकदा तरी..."

"राहू दे शैला," बाळू म्हणाला. "गार होतोय."

त्यानं डाव्या हातानं बापाची मान सावरली, उजव्या हातानं कप उचलला आणि त्यांच्या ओठांपर्यंत नेला. अण्णांनी घोट घेतला, परत एक घेतला. मी खालच्या बशीकडे बघत होते. ती कोरडी होती.